डावा स्पीकर

नव्या वस्तूवर कानसेनचा काडीचा विश्वास नव्हता. खोक्यातून निघालेल्या नव्या वस्तूला अजून कोणी कामाला लावलेलं नसतं, असं त्याचं म्हणणं. जुनी वस्तू दहा वर्षं कुठेतरी राबलेली असते, तिच्यात जे बिघडायचं ते एकदा बिघडून झालेलं असतं, आणि त्यानंतरही ती वाजतेय म्हटल्यावर पुढेही वाजणार. अठ्ठावीस वर्षं डबिंगच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रक म्हणून काढलेला माणूस हे सांगतोय म्हटल्यावर ऐकणारे माना डोलवायचे. बायको तेवढी डोलवत नसे. "मग लग्नाला नवी बायको कशाला केलीत?" असं ती एकदा चारचौघांत म्हणाली होती, आणि त्यावर कानसेनच सगळ्यात जास्त हसला होता. पण त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

कानसेन हे नाव अर्थातच स्टुडिओतलं. बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये येतेय, हे दोन जाड दारांच्या आत बसून त्याने ओळखलं होतं. घड्याळ काढलं, टिकटिक गेली, आणि हे नाव कायमचं चिकटलं.

तो स्टुडिओ सात महिन्यांपूर्वी बंद झाला. मालकाने सगळ्यांना माइकच्या खोलीत उभं करून चार वाक्यांत सांगून टाकलं. दोघं-तिघं रडले, एकाने मालकाचा उद्धार केला. कानसेनने डबा उचलला, खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर घेतला आणि तो पायी घरी आला. त्याला वाईट वाटलं नाही. बरं वाटायचा तर प्रश्नच नव्हता. थंडीत बोटं गारठल्यावर बटण लावायला जावं आणि बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळू नये, तसं काहीतरी झालं होतं आणि ते तसंच राहिलं. लोक भेटायला आले, सांत्वन करून गेले, तो त्यांना चहा विचारायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचा. घरीही बोलणं कमी झालं होतं. आधी बायको ग्रंथालयातल्या नोकरीवरून आली की दिवसभराचं सगळं सांगायची. आता ताटावर बसायची, जेवायची आणि उठायची. रागावली असेल, घरी बसलेल्या नवऱ्यावर कोण खूश असतं, असं कानसेनने ठरवून टाकलं आणि तो मूग गिळून बसला.

अशात दिग्दर्शक बाईंचा फोन आला. ह्या बाई स्टुडिओत पोरसवदा असताना कानसेनच्या हाताखाली माइक लावायला शिकल्या होत्या, आता स्वतः मालिका आणत होत्या.

"दादा, लहान मुलांची मालिका आहे. सव्वीस भाग. आवाज सगळे मुद्रित झालेत, फक्त मिक्सिंग हवंय. घरून कराल?"

"घरून?"

"हल्ली सगळे घरूनच करतात. पहिला भाग करून पाठवा. तो पास झाला की सव्वीसच्या सव्वीस तुमचे."

कानसेन हो म्हणाला. हे काम टिकलं तर तो ध्वनिमुद्रक राहणार होता. नाही टिकलं तर घरात बसलेला एक माणूस, ज्याला पूर्वी कानसेन म्हणत. हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं, फक्त त्याची भीती वाटत नव्हती. भीतीसुद्धा वाटायला हवी होती खरं तर.

लेक लग्न होऊन गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. कानसेनने तिच्या भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केल्या, दोन पडदे एकावर एक शिवून बायकोने खिडकीला लावून दिले, आणि तो आठदिवसेंच्या दुकानात गेला.

आठदिवसे हे काही आडनाव नव्हतं. खरं आडनाव त्या धंद्यात कोणालाच ठाऊक नसावं. दुकान एका जिन्याखाली, आत जायचं तर वाकून, आणि आत जमिनीपासून छतापर्यंत बंद पडलेल्या स्टुडिओंचं, मोडलेल्या वाद्यवृंदांचं, हौस फिटलेल्या पोरांचं सामान. नियम एकच. वस्तू घरी न्या, वाजवा, आणि नाही पटली तर आठ दिवसांत परत आणा, एक शब्द विचारणार नाही. म्हणून आठदिवसे. म्हातारा प्रत्येक वस्तू स्वतः उघडून, झाडून, सुटलेल्या वायरींना डाग देऊन ठेवायचा आणि विकताना तिची कुळकथा सांगायचा. "ही जोडी एका शाळेत होती. फक्त प्रार्थना वाजवलीये हिने. सात्त्विक आहे."

कानसेनने ती सात्त्विक जोडी घेतली, एक जुनं मिक्सर घेतलं, वायरींचं भेंडोळं घेतलं आणि रिक्षात घालून घरी आणलं.

स्पीकर तपासायची त्याची एकच रीत होती. संगीत नाही, बिंगीत नाही. एका माणसाचा नुसता बोलण्याचा आवाज लावायचा, दोन स्पीकरांच्या बरोबर समोर बसायचं आणि डोळे मिटायचे. दोन्हीकडून सारखा आवाज आला की तो माणूस मधोमध उभा असल्यासारखा वाटतो, जिथे खरं तर रिकामी भिंत असते. स्टुडिओत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला कानसेन पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. आवाज मधोमध उभा राहिला पाहिजे. तो कलला तर पुढचं सगळं मिक्सिंग कलणार.

त्याने डोळे मिटले. आवाज उजवीकडे उभा होता.

त्याने खुर्ची सरकवली, स्पीकर इंचभर पुढे-मागे केले, गाद्या हलवल्या. आवाज उजवीकडेच. डावा स्पीकर कमी बोलत होता. शाळेच्या प्रार्थनेने झिजला असणार, असं म्हणून तिसऱ्या दिवशी कानसेनने जोडी परत नेली. आठदिवसेंनी एक शब्द विचारला नाही. दुसरी जोडी दिली, ही एका नाट्यगृहातली.

तिचाही डावा कमी होता. मग मिक्सर बदललं. मग वायरी बदलल्या. मग तिसरी जोडी. महिनाभरात कानसेनच्या त्या जिन्याखाली इतक्या खेपा झाल्या की वाकताना डोकं आपटायचंही बंद झालं.

"बघा, मी सांगत होते," बायको म्हणाली. ती समोर उभी होती, म्हणून हे नीट ऐकू आलं. "दुसऱ्याचा कचरा घरी आणायचा आणि मग महिना महिना तो निस्तरत बसायचं. तो तुमचा भंगारवाला तुम्हाला चक्क फसवतोय."

"तसा नाहीये तो."

"मग डावाच कसा बिघडतो दर वेळी?"

कानसेन वायरींचं भेंडोळं गुंडाळायला लागला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कानसेन वाचणाऱ्याला बावळट वाटेल, आणि तो बावळट नव्हता. एक बाजू कमी वाजायला लागली की ध्वनिमुद्रक काय करतो? डावी-उजवी वायर अदलाबदल करतो. दहा सेकंदांचं काम. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर स्पीकर ठीक, वायर किंवा मिक्सर खराब. नाही गेला तर स्पीकर खराब. आणि खोली, गाद्या, स्पीकर, वायर सगळं बदलूनही दोष त्याच बाजूला राहिला, तर एकच वस्तू उरते जी बदललेली नाही. कामावर आलेलं नवं माणूस पहिल्या आठवड्यात हे शिकतं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना हे शिकवलेल्या कानसेनने महिनाभरात एकदाही वायर अदलाबदल केली नव्हती. हेडफोन खुंटीला टांगला होता, तोही लावून बघितला नव्हता. फोन आला की तो उजव्या कानाला लावायचा. आठ महिन्यांपूर्वी, स्टुडिओ बंद व्हायच्या थोडं आधी, सर्दीने त्याचा डावा कान बसला होता. दुकानातून थेंब आणून घातले होते. सर्दी गेली. कान सुटला का, हे त्याने कानाला विचारलंच नव्हतं.

जुनं सामान घेण्याचा हा एक फायदा त्याने आधी कधी कोणाला सांगितला नव्हता. जुन्यावर खापर फोडता येतं, आणि सगळ्यांना ते पटतंही.

पहिला भाग त्याने तसाच पूर्ण केला. डावीकडे कमी ऐकू येतं म्हणून मिक्सरवरची डाव्या आवाजाची पट्टी थोडी वर, अजून थोडी वर, जोवर आवाज मधोमध येऊन उभा राहिला तोवर. मग पाठवून दिला. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला.

"दादा, स्पीकरमध्ये काहीतरी गडबड आहे का तुमच्या? सगळे डावीकडून बोलतायत. ससा डावीकडे, कासव डावीकडे, सगळं जंगल डावीकडे गोळा झालंय." त्या हसल्या, मग कानसेन हसत नाही हे लक्षात येऊन थांबल्या. "जुने घेतलेत का?"

"हो. जुने आहेत."

"तरीच. चांगले घ्या हो दादा. पुढच्या शुक्रवारपर्यंत नीट करून पाठवा. मी थांबते."

कानसेनने फोन ठेवला. छातीत धडधड होईल असं वाटून तो थोडा वेळ वाट बघत बसला. काही झालं नाही. मग त्याने तिसरी जोडी पोत्यात घातली.

ह्या वेळी आठदिवसेंनी पोतं हातात घेतलं नाही. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "चला, मी येतो घरी. बघू तरी ही खोली कोणती, जिथे माझा डावा स्पीकर टिकत नाही."

घरी आले, पडदे बघितले, गाद्यांना थोपटून "छान" म्हणाले. बायको ग्रंथालयात होती. कानसेनने आवाज लावला. म्हातारा मधल्या खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने हात पुढे करून त्याने दोन स्पीकरांच्या बरोबर मधली जागा दाखवली.

"इथे उभा आहे माणूस."

आठदिवसेंनी त्याला खुर्चीत बसवलं. मग मागे जाऊन, सावकाश, दोन्ही वायरी उपसल्या आणि उलट्या खोचल्या.

"आता?"

आवाज उजवीकडे होता. तसाच, तिथेच, तसूभरही हललेला नव्हता.

"उजवीकडे," कानसेन म्हणाला.

आठदिवसेंनी वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या. बराच वेळ ते फडक्याने उगाच स्पीकर पुसत राहिले.

"मला दुसऱ्या खेपेलाच शंका आली होती," ते म्हणाले. "म्हटलं, माणूस मोठा आहे, स्वतःच ओळखेल. साहेब, माल परत घेण्याला माझी ना नाही. शंभर वेळा घेईन. पण वहिनी परवा बाजारात भेटल्या, चार माणसांत मला लबाड म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. तेवढं मात्र लागलं."

"मी सांगतो तिला."

"कधी?"

"सांगतो."

म्हातारा पायऱ्या उतरून गेला. कानसेन त्या खोलीत बसून राहिला. आपला कान गेला, असं त्याने मनातल्या मनात म्हणून बघितलं. मग एकदा मोठ्याने म्हटलं. वाक्य खरं होतं, पण ते दुसऱ्या कोणाबद्दल तरी असल्यासारखं खोलीत पडून राहिलं. दिवे लावायच्या वेळी बायको आली, दोघं जेवली, ताटं धुतली गेली. त्याने सांगितलं नाही.

आणि म्हणून गुरुवारी जे व्हायचं ते झालं. बायकोने ग्रंथालयातून अर्धी रजा टाकली आणि दुपारी कपडे बदलून ती दारात उभी राहिली.

"चला."

"कुठे?"

"नवे स्पीकर घ्यायला. माझे पैसे आहेत, त्यात तुम्ही पडू नका. उद्या तुमचा शुक्रवार आहे ना? एकदा आयुष्यात खोक्यातली वस्तू घेऊन बघा, काय फरक पडतो ते."

कानसेन नको म्हणाला. कशाला म्हणाला. जुने ठीक आहेत म्हणाला. तिने एकही ऐकलं नाही. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी काहीतरी आलं होतं, एक कामाला लागल्याची तरतरी, आणि ती घालवायची त्याला हिंमत झाली नाही. तो चपला घालून निघाला.

दुकान मोठं, गार, आणि सगळं काचेचं. विक्रेता चटपटीत होता. त्याने दोघांना एका खोलीत नेलं, भिंतींना राखाडी फोम लावलेला, मधे गुबगुबीत कोच, समोर दोन नवेकोरे स्पीकर, अजून अंगावर पातळ प्लास्टिक असलेले. कानसेनची रीत ह्यालाही माहीत असावी, कारण त्याने एका बाईचा नुसता बोलण्याचा आवाज लावला.

"डोळे मिटा," तो म्हणाला.

बायकोनेही मिटले. अठ्ठावीस वर्षांत ती कानसेनच्या स्टुडिओत दोनदा आली होती, तीही डबा द्यायला. असं बसून ऐकायची तिची ही पहिलीच वेळ. कानसेनने डोळे मिटले नाहीत, तो तिच्याकडे बघत होता. थोडा वेळ ती गोंधळली, मग तिच्या कपाळावरची आठी गेली, आणि मिटल्या डोळ्यांनीच तिने बोट वर करून दोन स्पीकरांच्या मधोमध रोखलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "इथे आहे ही. इथे तर काहीच नाहीये, आणि ही इथेच उभी आहे. हेच तुम्ही करायचात का इतकी वर्षं?"

तिचा आवाज हळू होता. ग्रंथालयात जन्म गेल्यामुळे ती सगळीकडेच हळू बोलायची. पण खोली शांत होती आणि ती ह्या वेळी उजवीकडे बसली होती, त्यामुळे कानसेनला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आणि साहेब, तुम्हाला?" विक्रेत्याने विचारलं. "मधोमध ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर नवे स्पीकर घरी आले असते, पट्ट्यांवरचे आकडे बघून मिक्सिंग करता आलं असतं, पुढच्या आठवड्यात काहीतरी नवी सबब सापडली असती. कानसेनने तोंड उघडलं.

"मला उजवीकडून येतोय," तो म्हणाला.

विक्रेता घाईने स्पीकर तपासायला उठला. "असं कसं, अगदी नवा पीस आहे..."

"स्पीकर चांगले आहेत," कानसेन म्हणाला. "जुनेही चांगले होते. तिन्ही जोड्या. माझा डावा कान गेलाय. आठ महिने झाले."

विक्रेत्याने आवाज बंद केला आणि तो बाहेर निघून गेला. त्याला शिकवलं नव्हतं, तरी तेवढं त्याला समजलं. बायकोने बोट अजून तसंच धरलं होतं. ते तिने हळूहळू खाली आणलं.

"डावा?" ती म्हणाली.

"हो."

"अजिबात नाही?"

"अगदी जवळून कोणी ओरडलं तर काहीतरी गुरगुरल्यासारखं येतं. शब्द नाही कळत. बाईंना कळवावं लागेल. काम जाईल हे. मी सगळ्यांना सांगत बसलो की स्पीकर जुने, आणि तू त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला..."

पण बायको कामाचं ऐकत नव्हती, म्हाताऱ्याचंही नाही. ती काहीतरी आठवत होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखादा हिशेब जुळत नसावा आणि अचानक जुळावा तशी.

"ताटावर मी तुमच्या डाव्या हाताला बसते," ती म्हणाली.

"हं."

"आणि झोपतेही डावीकडेच."

कानसेन तिच्याकडे वळून बसला.

"ज्या दिवशी स्टुडिओ बंद झाला ना," ती म्हणाली, "त्या रात्री तुम्ही उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडला होतात. मी बोलले होते. बराच वेळ बोलले होते. मग तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, साधं हूं सुद्धा नाही, म्हणून मला वाटलं, माणूस रागावला. हिला काही कळत नाही असं वाटलं असेल. म्हणून मग मी बोलायचंच सोडून दिलं."

"काय बोलली होतीस?"

"आता राहू दे."

"नाही. सांग."

दुकानाच्या त्या फोम लावलेल्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली, "तुमचं काम गेलं ते वाईटच झालं. पण मला ना, मनातून, थोडंसं बरं वाटतंय. लेक गेल्यापासून संध्याकाळी कुलूप उघडून मी रिकाम्या घरात येते. आता दार उघडायला तुम्ही असाल."

कानसेनने मान खाली घातली. सात महिने संध्याकाळी बेल वाजली की तो उठायचा, दार उघडायचा आणि तोंड फिरवून खोलीत निघून जायचा. एकदाही तिथे दोन क्षण उभा राहिला नव्हता. ते त्याला आता एकेक करून आठवायला लागलं, दोनशे संध्याकाळी, दोनशे वेळा उघडलेलं दार, आणि दारात पिशवी घेऊन उभी असलेली ती. त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.